काळीजवाले सर

"कसं काय सर, बरं ना?" असं कुणी विचारलं की आमचे प्राणिशास्त्राचे सर थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "तपासलं नाही."

ही थट्टा नसे. विचारणाऱ्याकडे ते इतक्या गंभीरपणे बघत की त्यालाच आपल्या तब्येतीची शंका यावी. कळमनुरीच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवत असे. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्यामुळे हे उत्तर रोजच कानावर पडे. प्राचार्य चिडत. शिपाई मात्र सरावला होता. चहा पुढ्यात ठेवून तो मुद्दाम विचारी, "सर, आज तपासलं का?" सर म्हणत, "न्हाई. तुमी?"

'निरोगी' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. पुस्तकात आला तर मुलांना सांगत, त्याच्याशेजारी पेन्सिलीनं लिहा, 'अजून काही सापडलं नाही असा'.

उंच, वाळका माणूस. सदऱ्याच्या खिशात शिंप्याकडची मोजायची टेप. ढेरी दिसली की ती टेप बाहेर येई, मग तो माणूस ओळखीचा असो की नसो. दुसरी सवय डोळे बघायची. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात आम्ही आहेर करायला स्टेजवर चढलो. सरांनी नवरदेवाला टिळा लावला आणि म्हणाले, "वर बघा." पोरानं आज्ञाधारकपणे छताकडे पाहिलं. सरांनी दोन्ही डोळ्यांचा पांढरा भाग नीट बघितला, "पिवळे नाहीत," असं नवरदेवाच्या बापाला सांगितलं आणि खाली उतरले. त्यांच्या लेखी आहेर पोचला होता.

काळीजवाले सर हे नाव मुलांनी ठेवलं, आणि त्याचं थोडं श्रेय माझ्याकडे जातं. एकदा वर्गात कविता शिकवताना 'काळीज' शब्दाशी मी छातीवर हात ठेवला होता. सर व्हरांड्यातून जात होते. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, काळीज इथं असतं. मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागा, खाटीक यकृतच देतो. डावीकडं तुमच्या कवींनी नेलं." मी चिडले होते. पण त्या दिवसापासून तो शब्द उच्चारताना माझा हात कुठं ठेवावा हे मला कळेनासं झालं.

बाजाराच्या दिवशी ते मटणाच्या दुकानापुढं उभे राहत. घरी शिजवायला काही नेत नसत. मेंढ्यांच्या काळजात कधी कधी पानासारखे चपटे किडे असतात. असलं खराब काळीज खाटीक त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी. स्टीलच्या डब्यात घालून सर ते कॉलेजात आणत आणि प्रॅक्टिकलची वेळ होईपर्यंत आमच्या डब्यांच्या रांगेत ठेवत. एकदा मी चुकून तो उघडला. त्यानंतर माझा डबा कपाटात कुलूपबंद असे.

त्यांच्या प्रॅक्टिकलची आणखी एक गोष्ट कॉलेजभर माहीत होती. एखाद्या मुलाचं रीडिंग बाकीच्यांशी जुळलं नाही आणि त्यानं ते खोडलं, तर सर संतापत. खोडलं नाही तर जास्त मार्क देत. मुलांनी हे ओळखलं आणि एका वर्षी सगळ्या वर्गानं भलतीसलती रीडिंगं लिहून आणली. सर त्यांच्यावर रागावले नाहीत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "न जुळणारं खोटं लिहिता येतं. खरं न जुळणारं एखादंच असतं. ते आलं की तुमाला झोप लागायला नाही पाहिजे." मुलं हसली. मलाही हे जरा नाटकीच वाटलं होतं.

हैदराबादच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत डॉक्टरेट केलेला माणूस तालुक्याच्या कॉलेजात का आला, हे कोडं सगळ्यांनाच होतं. विज्ञान दिनाला त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मी त्यांना त्यांचा विषय समजावून द्यायला सांगितलं. मायक्रो आरएनए म्हणजे काय, हे मराठीच्या बाईला कळेल असं सांगा म्हटलं.

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, पेशीच्या मधोमध एक म्हातारा बसलेला असतो, त्याच्याकडे घरातल्या सगळ्या गोष्टींची माहिती असते, पण तो खोलीबाहेर येत नाही. काय करायचं ते निरोप पाठवून कळवतो. निरोप स्वयंपाकघरात पोचला की तसा पदार्थ होतो. मायक्रो आरएनए म्हणजे मधल्या दारात उभी असलेली अगदी चिमुकली वस्तू. ती काहीच करत नाही. काही निरोप्यांचे हात धरते आणि थांबवते, बस्स.

"म्हणजे मुकादम," मी म्हणाले.

"न्हाई. मुकादम ओरडतो. ही बोलत न्हाई. म्हणून तर किती वर्षं लोकांना ती दिसलीच नाही. कचरा समजत होते."

यकृतात अशी एक आहे, तिला नाव नाही, नुसता आकडा, एकशेबावीस. यकृताच्या पेशीत ती भरपूर असते. पेशीला इजा झाली की ती रक्तात सांडते. माणसाला दुखत नसतं, डोळे पिवळे झालेले नसतात, पोट सुजलेलं नसतं, तेव्हाही सांडू शकते. दारूनं यकृत खराब झालेल्यांच्या रक्तात ती किती सांडते आणि न पिणाऱ्यांच्या किती, हे मोजण्यात सरांची तरणी वर्षं गेली होती. मी विचारलं, मग हे काम सोडलं कशाला? ते म्हणाले, "मॅडम, भाषण लहान करा. पोरं उन्हात बसून ऱ्हातात."

त्यांच्या वहिनीला मी एकदाच भेटले. सरांचं गाव औंढ्याच्या पुढं. घर मेंढपाळाचं, थोरला भाऊ अजून मेंढरं राखायचा. सर अगदी लहान असताना आई गेली, आणि भावाचं लग्न होऊन आलेल्या त्या बाईनंच त्यांना वाढवलं. नागनाथाच्या दर्शनाला गेलो होतो, सर आग्रहानं घरी घेऊन गेले. वहिनी अंगानं जाड, चेहऱ्यानं हसरी. शुगर होती म्हणे, पण माझ्या चहात साखर घालताना तिनं स्वतःच्याही कपात मूठभर घातली. सर तिच्याकडे बघत राहिले, तसं तिनं माझ्याकडे तक्रार केली, "बघा वं बाई, घोट बी मोजून ऱ्हाईले." मग तिनं भाकरी थापता थापता एक जुनी गंमत सांगितली. भाऊजी शिकत होते तेव्हा सुट्टीला आले, सोबत बर्फाची पेटी. चांगल्या माणसाचं रक्त पाहिजे म्हणाले. गावात कुणी सुईला तयार होईना. तिनं हात पुढं केला. "माझं रगत रेल्वेनं हैदराबादला जाऊन आलंय. मी न्हाई गेले अजून."

सगळे हसले. सर उठून मेंढरांकडं गेले होते.

पुढच्या वर्षी तिचं पोट सुजायला लागलं. आधी घरच्यांना वाटलं, वजनच वाढलंय. मग पाय सुजले, डोळे पिवळे झाले. भाऊ तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेला. सर विरोध करतील असं मला वाटलं होतं. ते सोबत गेले. त्या माणसानं तिचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालेलं दाखवलं, गळ्यात मुळ्यांची माळ घातली, आणि सर शेजारी बसून राहिले. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "मी नको म्हणलं असतं तर भावानं नांदेडला न्यायला बी नको म्हणलं असतं." तिथून उठल्यावर त्यांनी जीप थेट नांदेडला वळवली.

तिथल्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. यकृत आक्रसून गेलेलं होतं, गाठीगाठींचं. तरुण डॉक्टर बाहेर आला आणि सात-आठ नातेवाईक उभे होते त्यांच्यासमोर त्यानं विचारलं, बाई किती वर्षं दारू घेतात?

त्याचा तो रोजचा प्रश्न असणार. पण वहिनी घरी पोचायच्या आधी तो प्रश्न गावात पोचला, आणि गावात पोचेपर्यंत त्याचं उत्तर झालेलं होतं. काळीज सडलं म्हणजे दारूच, दुसरं कशानं सडतं? चोरून घेत असेल. मेंढरांमागं दिवस दिवस एकटी असते, कोण बघतं. कुणाला तरी तिचा चेहरा नेहमी लाल दिसायचा हे आठवलं. कुणाला ती मोठ्यानं हसायची हे आठवलं. नळावर बायका तिला पाहून गप्प व्हायला लागल्या तशी ती नळावर जायची थांबली. पुढं तर तिला जाताच येत नव्हतं.

सर दर शनिवारी गावी जात. सोमवारी येऊन काही बोलत नसत. एकदा मात्र डबा न उघडता बसले होते आणि आपण होऊन म्हणाले, "वैनी मला विचारून ऱ्हायली, भाऊजी, मी कधी घेतली का वं? मला तर वास बी सहन होत न्हाई. झोपेत कुनी पाजली असंल का?"

मी म्हणाले, तुम्ही त्यांना समजावून सांगा, साखरेनं आणि चरबीनंही असं होतं.

"सांगितलं. ती म्हणती, तुमी माझ्यासाठी म्हणून ऱ्हाईले."

ती उन्हाळ्यात गेली. शेवटी रक्ताची उलटी झाली आणि औंढ्याच्या पुढं नेता आलं नाही.

तेराव्याला कॉलेजातून आम्ही तिघंचौघं गेलो होतो. घरापुढं मांडव होता, जेवणं उरकली होती, पुरुष बाजेवर आणि सतरंज्यांवर, बायका ओसरीच्या कडेला. एकेक जण दोन शब्द बोलत होता. भावकीतला एक म्हातारा उठला. मन वाईट नव्हतं त्याचं. म्हणाला, बाई लाखात एक होती, दिराला पोटच्या लेकरासारखं वाढवलं. पर त्या एका सवयीनं गेली. देव तिला माफ करो.

सरांचा थोरला भाऊ मान खाली घालून बसला होता. सर उभे राहिले.

वर्गात सर बोलके होते, पण गावात चार माणसांत बोलायला त्यांना जमत नसे. आवाज बसलेला होता. सुरुवात त्यांनी मेंढरांपासून केली. मेंढरं दारू पीत नाहीत, तरी त्यांचं काळीज खराब झालेलं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, म्हणाले. मग साखर, वजन, यकृतात साचणारी चरबी, वर्षानुवर्षं न दुखता होणारी जखम. लोक ऐकत होते, पण सरकारी माणसाचं ऐकावं तसे. म्हातारा मान हलवत म्हणाला, "तुमी दीर हाव. तुमी असंच बोलणार. साजरंच हाय ते."

तेव्हा सरांनी ते सांगितलं, जे मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी हिचं रक्त नेलं होतं. तुमच्यातल्या लई जणांना आठवत असंल, तुमी हात दिला नव्हता, हिनं दिला. दारू पिणारे एकीकडं अन् चांगली माणसं दुसरीकडं, असा हिशोब होता. हिला मी चांगल्या माणसांत धरलं. तपासणी झाली तर कागदावर सगळ्या चांगल्या माणसांचे ठिपके खाली, एका जागी. हिचा एकटीचा वर. पिणाऱ्यांच्या बराबर."

ओसरीत कुजबुज झाली. सर थांबले नाहीत.

"माझे गुरू म्हणाले, ही बाई पीत असंल. मी म्हणलं, माझी वैनी हाय, पीत न्हाई. मला पक्कं म्हायती होतं. मग ते म्हणाले, रक्त वाटेत खराब झालं असंल, उन्हाळा होता. मला बी तेच बराबर वाटलं. आमी तो ठिपका काढून टाकला. कागद साफ झाला. मला पदवी मिळाली."

ओसरीकडं बघत ते पुढं म्हणाले,

"रक्त खराब नव्हतं. वैनी पीत बी नव्हती. तिसरं काही असंल असं माझ्या डोक्यात आलं न्हाई. ती तवाच आजारी होती. तिच्या रक्तानं सांगितलं होतं, अन् ज्याला सांगितलं त्यालाच तिनं वाढवलं होतं."

ते काम सरांनी सोडलं कशाला, हे मला तेव्हा कळलं. मागून कुणीतरी तरुण माणसानं विचारलं, तेव्हा कळलं असतं तर वाचली असती का? मला वाटलं, सर आता होय म्हणतील. त्या घडीला ते म्हणणं सोपं होतं आणि लोकांनाही तेच हवं होतं.

"म्हायती न्हाई," सर म्हणाले. "त्या वेळी वजन उतरवलं असतं, साखर आवरली असती, तर यकृत सुधारू शकतंय. तिचं सुधारलं असतं का, ते मला कळायचं न्हाई आता. पण ती पीत नव्हती. हे मला म्हायती हाय, अन् तुमाला बी म्हायती होतं."

ते खाली बसले. म्हातारा काही वेळानं उठून आला, भावाच्या खांद्यावर हात ठेवून तिथंच टेकला. ओसरीतून एका बाईचा आवाज आला, मला बी शुगर हाय, माझं कोन पाहील? सर उठून तिच्याकडे गेले. पुढच्या काही महिन्यांत गावातल्या काही बायका त्यांच्यासोबत हिंगोलीला तपासायला गेल्या. बऱ्याच गेल्या नाहीत. नळावरचं बोलणं मात्र थांबलं, असं सर म्हणाले.

थोरला भाऊ त्या दिवशी एक शब्दही बोलला नव्हता. तो भावाशी बोलेल की नाही याचीच मला धास्ती होती. सरांनाही असावी. ते शनिवारी जात, भाऊ मेंढरांमागं निघून गेलेला असे. पावसाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी तो सरांजवळ येऊन बसला आणि त्यानं विचारलं, ते रगत फेकून दिलं का? सर म्हणाले, फेकत नाहीत, गोठवून ठेवतात. बहुतेक अजून असेल.

"तिचं रगत? अजून हाय?"

"असंल."

"मला दाखव," भाऊ म्हणाला.

सरांनी संस्थेत फोन केला. तिथं आता त्यांच्याहून धाकटी असलेली एक बाई प्रमुख होती, पूर्वी ती सरांच्या हाताखाली काम शिकली होती. तिनं शोधायला वेळ मागितला आणि आठवड्यानं कळवलं, या. दोघे भाऊ नांदेडहून रेल्वेनं गेले. भाऊ पहिल्यांदाच हैदराबादला जात होता.

पुढचं मला सरांनी सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये सांगितलं, सावकाश, तपशील न गाळता.

भावानं प्रयोगशाळेच्या दारात वहाणा काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. कपाटाएवढ्या फ्रीजरचं दार उघडलं तसा धुरासारखा गारवा खाली ओघळला आणि तो एक पाऊल मागं सरला. त्या बाईनं बर्फ झटकून एक पेटी काढली, पेटीतून करंगळीच्या पेराएवढी नळी. हातमोज्याच्या तळव्यावर ठेवून तिनं ती त्याच्यापुढं धरली.

भाऊ वाकून बघत राहिला. त्यानं रक्ताची अपेक्षा केली होती. नळीत तळाशी फिकट पिवळसर गोठलेलं काहीतरी होतं.

"लाल काहून न्हाई?"

सरांनी सांगितलं, लाल भाग काढून टाकतात, वरचं पाणी ठेवतात. जे शोधायचं असतं ते त्या पाण्यात असतं.

"नाव बी न्हाई हिच्यावर."

"नाव लिहीत न्हाईत. नंबर असतो. मीच लिहिलेला हाय तो."

त्या बाईनं अदबीनं सांगितलं, घरच्यांची इच्छा असेल तर ही नळी नष्ट करता येईल. नाहीतर दारू न पिणाऱ्यांच्या यकृतावर नवं काम सुरू होतंय, त्यात पुन्हा तपासता येईल. पण घरच्यांनी हो म्हणायला पाहिजे. सर तिला म्हणाले, तपासणार असाल तर या वेळी ठिपका जिथं पडेल तिथं राहू द्यायचा. ती म्हणाली, राहील. मग दोघांनी थोरल्या भावाकडं पाहिलं.

घरी वहिनीचं काही उरलं नव्हतं. लुगडी तेराव्यालाच वाटून टाकली होती. फोटो म्हणून मतदानाच्या कार्डावरचा एक, त्यात ती ओळखू येत नाही.

भावानं विचारलं, "हितं ठिवल्यावर खराब होतंय का?"

"न्हाई," सर म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या हितंच. घरी तिचं एवढं बी न्हाई."